तीन फुटी टाकीत कोण कोण

नानांनी भौतिकशास्त्राच्या सरांच्या चष्म्यावर टिचकी मारली, तेव्हा मला जळगावच्या त्या कॉलेजात रुजू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. सर आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहज डोकावले होते. दाराशेजारच्या माशांच्या टाकीपुढे उभे राहिले आणि मासे आपली दखल घेत नाहीत म्हणून त्यांनी काचेवर नखाने टकटक केली. नाना कोपऱ्यात परीक्षानळ्या धूत होते. हात पुसत पुढे आले, सरांच्या समोर उभे राहिले आणि त्यांच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर नखाने तीनदा तसंच वाजवलं.

"कसं वाटलं, सर?"

आवाजात उद्धटपणा अजिबात नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. सर क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले, मग लालबुंद होऊन निघून गेले. नाना परत परीक्षानळ्यांकडे वळले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, माशाला आपल्यासारखे कान दिसत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं त्याला काही ऐकू येत नाही."

नाना प्रयोगशाळा सहायक होते. हुद्द्याने मी वरची, वयाने ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. मी त्यांना नाना म्हणायची, ते मला मॅडम म्हणायचे. हजेरीपटावर त्यांचं दुसरंच भलंमोठं नाव होतं, पण त्या नावाने कुणी हाक मारली तर ते मागे वळून बघत, दुसऱ्या कुणाला बोलावलं असेल म्हणून. मूळचे धुळ्याचे. आई आणि बायको धुळ्यात, हे जळगावात पिंप्राळ्याला एका खोलीत. शनिवारी दुपारी एसटीने धुळ्याला जात, सोमवारी पहिल्या गाडीने परत येत आणि स्टँडवरून खोलीवर न जाता थेट प्रयोगशाळेत शिरत. पिशवी खांद्यालाच असायची. चपला दाराबाहेर काढून आधी टाकी बघायची, मग हजेरीची सही. त्यामुळे सोमवारी त्यांची सही कायम उशिराची.

टाकी तीन फुटांची होती. तेव्हा लोखंडी अँगलची चौकट करून तिच्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून काचा बसवत. ही तशीच, नानांनी स्वतः बसवलेली. तिच्यात पाच-सहा मासे, काही दगड, एक फुटक्या माठाचं खापर आणि थोडी पाणवनस्पती. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटे, एवढ्या टाकीत एवढेच? असं कुणी म्हटलं की नाना स्टूल पुढे सरकवत. "बसा. पंधरा मिनिटं बसा, मग सांगा." पंधरा मिनिटं फारसं कुणी बसत नसे.

मी बसले, कारण मला दुसरं काही काम नव्हतं. नवी होते, तास कमी होते, आणि नेमणूक वर्षावर्षाची होती. दर एप्रिलला ऑर्डर संपे आणि जूनमध्ये मिळाली तर मिळे.

त्या टाकीतले सगळे मासे एकाच कुळातले, सिक्लिड म्हणतात त्या कुळातले. मी ते पुस्तकात शिकले होते आणि फळ्यावर शिकवतही होते. नानांना ते पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. दुपारी कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन ते टाकीसमोर स्टुलावर बसत आणि घासागणिक एकेक वाक्य बोलत.

"बाकीचे मासे अंडी टाकतात आणि चालते होतात. हे तसे नाहीत. हे जागा साफ करतात, अंड्यांवर पहारा देतात, पिलं तोंडात धरून घरी आणतात. संसार करतात म्हणा ना." पुढचा घास. "आणि संसार आला की भांडण आलंच."

भांडण कशावरून होतं, हा नानांच्या आयुष्याचा विषय होता. ते म्हणत, पाण्यावरून कधीच होत नाही, दगडावरून होतं. दगडामागचा एक कोपरा आपला, असं माशाने एकदा ठरवलं की तिथे दुसरा कुणी फिरकता कामा नये. म्हणून टाकीत मासे किती मावतील हे मोजायचं नाही, कोपरे किती आहेत ते मोजायचं. "ज्याला कोपरा नाही तो भांडतो, मॅडम. ज्याला आहे तो नुसता गुरगुरतो."

त्यांच्या टाकीला तीन मजले होते. वरच्या मजल्यावर एंजल. चपटे, उभट, लांब पंखांचे चार मासे, लग्नाला आलेल्या श्रीमंत पाहुण्यांसारखे सावकाश फिरणारे. तळमजल्यावर क्रिब नावाच्या माशांची जोडी. मादीचं पोट जांभळाच्या रंगाचं. ही जोडी खापरात राही आणि खापराच्या बाहेर वीतभर जागेवर तिचा अंमल असे. मधला मजला रिकामा होता, आणि तिथे कुणाला आणायचं हे ठरवायला नानांना आठ महिने लागले. मी रुजू झाले तेव्हा तिसरा महिना चालू होता.

त्यातले उरलेले महिने मी बऱ्यापैकी जवळून पाहिले. मुंबईला जाणाऱ्या-येणाऱ्या कुणालाही नाना गाठत आणि तिथल्या माशांच्या बाजारात काय काय आलंय ते बघून यायला सांगत. कुणी नाव आणी, कुणी नुसतं वर्णन. एकदा ग्रंथपालांनी एका झेब्र्यासारख्या पट्ट्यांच्या माशाचं फार कौतुक केलं: कणखर आहे, कोणत्याही पाण्यात जगतो, देखणा आहे. नानांनी सगळं ऐकून घेतलं.

"अंडी घातल्यावर कसा वागतो?"

"ते काही मी विचारलं नाही बुवा."

"तेच विचारायचं होतं. अंडी घालेपर्यंत सगळेच सज्जन असतात."

तो मासा बाद झाला. नंतरचा एक गृहस्थ (नाना माशांना गृहस्थ आणि बाई म्हणत) मवाळ होता, पण त्याला मऊ पाणी लागे. आमच्या कॉलेजच्या बोअरचं पाणी असं, की साबणाला फेस येईना आणि चहाचं पातेलं आतून पांढरं. नानांनी एका बरणीत पाणी आणि साबणाचा चुरा घालून माझ्यापुढे हलवून दाखवली. "याला जन्मभर या पाण्यात ठेवायचं? आपण कशाला कुणाच्या जिवाला घोर लावायचा?" तोही बाद.

मेहरूणच्या तलावात चिलापी मासा उदंड. तोही याच कुळातला. पावसाळा सरून पाणी निवळलं की काठाच्या उथळ पाण्यात नर गाळात ताटाएवढे खड्डे करतात आणि त्यावर पहारा देतात. नानांनी एका सकाळी माझ्या अख्ख्या वर्गाला तिथे नेऊन उकिडवं बसवलं होतं. मी म्हटलं, "नाना, हाच मधल्या मजल्यावर का नको? लहान असताना आणला तर? पाणी याला मानवतं, आणि तुमच्या माशांचा भाऊबंदच आहे."

नाना हसले. ते क्वचित हसत. "भाऊबंद आहे म्हणूनच नको, मॅडम."

शेवटी त्यांनी पिवळे क्रोमाइड निवडले. आपल्याकडच्या दक्षिणेतल्या खाड्यांमधला मासा, तळहातापेक्षा लहान, पिकल्या लिंबाच्या रंगाचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. जड पाणी त्याला उलट आवडतं. मुंबईहून जोडी आली, ती नाना स्वतः जाऊन घेऊन आले. पॅसेंजर गाडीत त्यांनी पिशवी रात्रभर मांडीवर धरली होती. बाकावर ठेवली तर धक्के बसतात. आल्यावर जोडी लगेच टाकीत सोडली नाही. दीड फुटाची एक पाहुण्यांची टाकी होती, तिच्यात पंधरा दिवस. मग मोठ्या टाकीत मध्ये काच घालून आणखी आठ दिवस, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकमेकांना बघून घ्यावं. सोडायच्या दिवशी त्यांनी आधी सगळ्यांना पोटभर खाऊ घातलं. मग टाकीतले सगळे दगड हलवले. खापर तेवढं जागेवर ठेवलं.

"दगड का हलवले?"

"जुन्यांना वाटलं पाहिजे आपणही आजच आलोय."

काच काढली आणि नाना स्टुलावर बसले. त्या दिवशी ते उठलेच नाहीत. माझ्या बी.एस्सी.च्या मुलींनी प्रात्यक्षिकाचं सामान स्वतःच मांडून घेतलं. क्रिबच्या नराने दोनदा गाल फुगवून दाखवले, क्रोमाइड बाजूला सरकले, एवढंच झालं. संध्याकाळी नाना माशांशी अहिराणीत बोलताना मी ऐकलं. माणसांशी ते कॉलेजात सहसा अहिराणी बोलत नसत. "बठ्ठा मजामा शेतस ना? मंग मी जास आते." सगळे मजेत आहात ना, मग मी जातो आता.

गावात त्यांचं नाव झालं होतं. घरात टाकी ठेवण्याची हौस तेव्हा नवी होती आणि लोक सल्ल्याला येत. पिंप्राळ्यातल्या एका कापड दुकानदाराला टीव्हीच्या वर दीड फुटी टाकी ठेवायची होती आणि तीत सगळ्या रंगांचे मासे हवे होते. नानांनी प्रश्न विचारले. पाणी कुठलं, ऊन कुठून येतं, घरात मच्छरसाठी फवारा मारता का, दार आपटतं का. मग म्हणाले, घरी येऊन बघतो. गेले, दोन तास त्यांच्या दिवाणखान्यात बसून राहिले, त्यांनी दिलेले पोहे खाल्ले. उठताना म्हणाले, "शेठ, तुमच्याकडे पितळेचा मोर छान दिसेल."

शेठ ही गोष्ट हसत हसत सांगत. पण असे हसणारे थोडे.

संस्थेच्या अध्यक्षांना सगळे आबा म्हणत. रावेरकडचे मोठे केळीवाले, धोतर-टोपी, आवाज खणखणीत, मन मोठं. कॉलेजच्या इमारतीसाठी त्यांनी उन्हातान्हात हिंडून देणग्या जमवल्या होत्या, आणि प्रत्येक खोलीत ते स्वतःच्या ओसरीत शिरावं तसे शिरत. त्यांच्या मुलाने मुंबईहून ऑस्कर जातीचा एक मासा आणला होता. ऑस्करही सिक्लिडच, पण एंजल आणि क्रोमाइड यांच्या कुळातला पैलवान. काळसर अंग, त्यावर निखाऱ्यासारखे डाग, आणि हुशार. माणूस ओळखतो, हातातून खातो. आबांचा त्याच्यावर जीव जडला. अडचण एकच होती.

"घरची म्हनते, माझ्या घरात कधी अंडं नाही शिजलं, अन् या माश्याले गांडुळं चारू का?" आबा आमच्या प्रयोगशाळेत सांगत होते. ड्रायव्हरने बादली खाली ठेवली होती आणि तिच्यात वीतभर लांबीचा ऑस्कर. "म्हटलं, कॉलेजात नेऊन सोडतो. पुढच्या महिन्यात विद्यापीठाची कमिटी येऊन रायली. असा मासा पाहिजे, का कमिटी थांबली पाहिजे. सोडा याले तुमच्या टाकीत."

"आबा, याला या टाकीत नाही सोडता येणार," नाना म्हणाले.

"काहून?"

नानांनी "एक मिनिट" म्हटलं आणि ते बाहेर गेले. परत आले ते भौतिकशास्त्रातून व्हर्नियर कॅलिपर घेऊन. ऑस्करला त्यांनी पाहुण्यांच्या टाकीत सोडलं, चिमट्यात गांडूळ धरून काचेजवळ नेलं, आणि मासा तोंड उघडतो न उघडतो तोच बाहेरून काचेला कॅलिपर लावला. मग मोठ्या टाकीपाशी जाऊन क्रिबची मादी आणि मग क्रोमाइड काचेजवळ येईपर्यंत थांबून त्यांचीही मापं घेतली. आबा, त्यांचा ड्रायव्हर, प्राचार्य आणि मी, सगळे उभे.

"तोंड पंचवीस मिलिमीटर," नाना म्हणाले. "आमची बाई पाठीपासून पोटापर्यंत एकोणीस. क्रोमाइड तेवीस. एंजल उंच आहेत, ते एकदम नाही जाणार. त्यांचे आधी पंख जातील."

आबांना प्रथम गंमत वाटली. "अहो नाना, मासा तो मासा. शेजारी शेजारी राहू राहू शिकतीन."

"तो वाईट नाही, आबा. तोंडात मावतं ते खातो. त्याला चार फुटी वेगळी टाकी पाहिजे. मला जूनपर्यंत वेळ द्या."

आबा 'बघा मग' म्हणून गेले. प्राचार्यांनी जाता जाता नानांकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला दिसली.

पाहुण्यांची टाकी ऑस्करला अपुरी होती. वळायलाच जागा नव्हती. प्रयोगशाळेमागे एक सिमेंटचा हौद होता, पाच फुटांचा, सावलीतला. त्यात चिरफाडीसाठी आणलेले बेडूक ठेवत. नानांनी बेडूक एका पिंपात हलवले, हौद दोन दिवस घासला, धुतला, पाणी बसू दिलं आणि ऑस्करला तिथे सोडलं. मासा खूश होता, हे मी सांगू शकते. इकडून तिकडे नुसता सुसाट. नानांच्या मते त्या आवारात त्याच्यासाठी त्याहून चांगली जागा नव्हती, आणि ते खरंच होतं.

पण त्या जागेला बेडकांचा हौद म्हणत. पुढच्या आठवड्यात आबा रावेरहून आलेल्या दोन व्याह्यांना आपला मासा दाखवायला घेऊन आले, तेव्हा शिपायाने तेच सांगितलं: "बेडकांच्या हौदात आहे जी." आबा हौदाशी गेले. पाण्यात बोट घातलं. ऑस्कर आला आणि त्याने बोट चोखलं. आबा बराच वेळ ओणवे तसेच राहिले. व्याह्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग आबा उठले, धोतराला हात पुसले आणि व्याह्यांना तिथेच सोडून गाडीत जाऊन बसले.

आठ दिवसांत नानांची संस्थेच्या जामनेरच्या शाळेत बदली झाली. कागदावर कारण होतं, प्रशासकीय सोय. जळगावाहून धुळ्याला थेट गाडी होती. जामनेरहून आधी जळगाव, मग धुळे. त्यांच्या आईने तेव्हा अंथरूण धरलेलंच होतं. नानांनी ऑर्डर वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि विचारलं, "तिथे पाणी बोअरचं आहे की नळाचं?"

शेवटच्या दिवशी त्यांनी टाकीचं थोडं पाणी बदललं, स्टुलावर बसून भाकरी खाल्ली आणि मला बोलावलं.

"मॅडम, काही करू नका. एवढंच. रोज थोडं खाणं, आठवड्याला थोडं पाणी, बाकी काही करू नका. काही न करणं अवघड असतं."

"आणि ऑस्कर?"

"हौदातच. वेल्डिंगवाल्याला चौकट सांगितली आहे, जूनमध्ये मी येऊन काचा बसवतो. तोवर हौदात. तेवढा शब्द द्या."

मी शब्द दिला. मनापासून दिला, हे लिहून ठेवते.

तीन आठवड्यांनी, गुरुवारी दुपारी, प्राचार्यांनी बोलावलं. सोमवारी समिती येणार होती, सोबत आबा असणार होते.

"मासा टाकीत दिसला पाहिजे."

"सर, नाना म्हणाले होते की..."

"नाना जामनेरला आहेत." त्यांनी समोरची फाईल बंद केली. ते वाईट गृहस्थ नव्हते; तेही कुणाला तरी जबाबदार होते. "तुमची ऑर्डर एप्रिलला संपते ना?"

मी तशीच प्रयोगशाळेत आले. शिपायाला सांगता आलं असतं, पण मी स्वतःच केलं. जाळीने ऑस्करला बादलीत घेतलं. टाकीतल्या सगळ्यांना आधी पोटभर खाऊ घातलं. दगड हलवले. नानांनी क्रोमाइडच्या वेळी केलं होतं ते सगळं त्याच क्रमाने केलं, जणू त्याने काही फरक पडणार होता. मी प्राणिशास्त्र शिकवत होते. मला पंचवीस आणि एकोणीस ठाऊक होते. ऑस्करला सोडलं, तो तळाशी जाऊन एका दगडाआड थांबला, कल्ले हलवत. क्रिबचा नर खापरातून बाहेर आला आणि त्याने आपल्या चौपट माशापुढे गाल फुगवले.

मी दिवा बंद केला आणि दार लावून घेतलं.

शुक्रवारी मी माझं प्रात्यक्षिक वनस्पतिशास्त्राच्या खोलीत घेतलं. शनिवारी तोंडी परीक्षा स्टाफरूममध्ये घेतल्या. रविवार होताच. खाणं घालायला शिपायाला सांगितलं होतं. त्या दिवसांत प्रयोगशाळेवरून जायचं झालं तर मी पलीकडच्या व्हरांड्याने गेले.

सोमवारी सकाळी शिपाई काच पुसत होता. "मॅडम, टाकी कशी मोकळी मोकळी झाली बघा. एकच मासा, किती उठून दिसतो."

समिती साडेअकराला आली. तिघेजण होते. आबा पुढे झाले आणि त्यांनी बोट काचेला लावलं. ऑस्कर लगेच तिथे आला. एका सदस्यांनी विचारलं, "हा चिरफाडीसाठी वापरता का?" आबा म्हणाले, "नाही हो, हा आपला घरचा आहे." सदस्यांनी "अच्छा अच्छा" केलं आणि ते ग्रंथालय बघायला गेले. टाकीपुढे ते मिनिटभरही थांबले नाहीत.

जूनमध्ये माझी नेमणूक कायम झाली. चौकट घ्यायला नाना आले नाहीत. वेल्डिंगवाल्याने तिचं पुढे काय केलं, मला माहीत नाही. बातमी त्यांना कुणी तरी कळवली असणार. मी कळवली नाही.

ऑस्कर त्या टाकीत वर्षभर वाढला. वाढून इतका झाला की वळताना त्याचं शेपूट एका काचेला आणि तोंड दुसऱ्या काचेला लागे. पुढच्या मे महिन्यात, सुट्टीत, एक दुपारभर वीज गेली. हवेचा पंप बंद. जळगावचा मे, पत्र्याखालची खोली, आणि तीन फुटांच्या पाण्यात एवढा मोठा मासा. दुसऱ्या दिवशी आबा आले. नानांच्या स्टुलावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. शिपायाने पाणी आणून दिलं ते त्यांनी हातात नुसतं धरून ठेवलं.

"नानांनी सांगितलं नाही का, का असं होईन?"

"सांगितलं होतं, आबा. चार फुटी टाकी पाहिजे म्हणाले होते."

आबांनी मान हलवली. ते मोठ्या मनाचे होते, असं मी म्हटलं ते उगीच नाही. नानांना परत बोलवा, असं त्यांनी प्राचार्यांना त्याच आठवड्यात सांगितलं, तसं पत्रही गेलं. नानांचं उत्तर दोन ओळींचं आलं. जामनेरच्या शाळेत नुकतीच एक जोडी बसवली आहे, अंडी दिली आहेत, सध्या हलणं योग्य नाही; पुढच्या वर्षी बघावं. प्राचार्यांनी ते पत्र स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं आणि सगळे पोट धरून हसले. पुढच्या वर्षी कुणी विचारलं नाही. नानांच्या आई त्या दरम्यान वारल्या होत्या, बायको जामनेरला राहायला आली होती, आणि शनिवारी धुळ्याला जाण्याची घाईही उरली नव्हती.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने जामनेरच्या शाळेत तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं आणि मला परीक्षक म्हणून बोलावलं. नाही म्हणता आलं असतं. मी गेले. मांडवाच्या दाराशी नाना खुर्च्या लावून घेत होते. केस पूर्ण पांढरे झाले होते, बाकी तेच. "या मॅडम," म्हणाले, आणि परीक्षण आटोपल्यावर मला प्रयोगशाळेत घेऊन गेले. दाराबाहेर चपला काढल्या. मीही काढल्या.

दोन फुटांची टाकी होती. तिच्यात क्रिबची एकच जोडी आणि बाकी नुसतं पाणी, दगड, हिरवळ.

"एवढीच?" माझ्या तोंडून गेलं.

"दोन फुटात एकच जोडी. दुसरं काही बसत नाही. मी बघितलं बसवून." त्यांनी चहा मागवला, स्टूल मला दिलं आणि स्वतः खिडकीच्या कट्ट्यावर बसले.

मी त्यांना सगळं सांगितलं. प्राचार्य, फाईल, ऑर्डर, गुरुवारची दुपार. दगड हलवले तेही सांगितलं. बोलताना मी टाकीकडे बघत होते. माझं संपल्यावर त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"दगड हलवलेत ते बरोबर केलंत," ते म्हणाले. मग जरा पुढे झुकले. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत होते मी. तिथे उत्सुकता होती. "शेवटी कोण राहिलं?"

"ऑस्कर."

"तो राहणारच. त्याच्या आधी? माझा अंदाज होता क्रोमाइडचा नर. तो मधल्या पाण्यात थांबत नाही, धोका दिसला की वनस्पतीत शिरतो. पण बाईला खापर होतं. खापरात ऑस्करचं डोकं जात नव्हतं, मी मापूनच ठेवलं होतं. म्हणजे तिने दोन दिवस तरी काढायला हवेत. कोण राहिलं?"

"नाना, मी पाहिलं नाही."

त्यांना नीट ऐकू आलं नसावं असं मला वाटलं, म्हणून मी परत सांगितलं. गुरुवारी दार लावलं ते मी सोमवारीच उघडलं. मध्ये मी तिकडे गेलेच नाही.

नाना माझ्याकडे बघत राहिले. पहिल्या आठवड्यात भौतिकशास्त्राचे सर त्यांच्याकडे जसे बघत राहिले होते, जवळजवळ तसेच.

"सोडलात, ते समजतं," ते म्हणाले. "नोकरी होती. तुमच्या जागी मी असतो तर मीही कदाचित सोडला असता. पण पाहिलं नाही?"

बाहेर मांडवात बक्षिसांसाठी नावं पुकारायला सुरुवात झाली होती, आणि मला बोलवायला कुणी तरी दारात येऊन उभं राहिलं होतं. मी उठले. नानांनी माझी कपबशी उचलली, आपल्या कपबशीवर ठेवली.

"आठ महिने लागले होते, मॅडम, ते सगळे एकत्र आणायला," ते म्हणाले. "आता कोण किती टिकलं ते कुणालाच कळणार नाही."